एका चार्जमध्ये जुन्नर

देवराम घुड्यांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनावर घेतलं त्याला पौषात अकरा महिने झाले, आणि गाडी अजून आलेली नव्हती. दिरंगाई कुणाची असं कुणी विचारलंच तर ते शांतपणे सांगत, "दिरंगाई नाय. तुलना चालू आहे."

तुलना दोनशे पानी वहीत चालू होती. शहापूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करत देवराम हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोचले होते, आणि मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडल्याशिवाय कुठलाही निर्णय घेणं त्यांना अंगावर कपडे नसताना बाहेर पडल्यासारखं वाटे. आताच्या वहीत डावीकडं 'भाडेपट्टा' आणि उजवीकडं 'खरेदी' असं लाल शाईत लिहिलं होतं. शोरूमवाले 'लीज' म्हणत. पण लीज म्हटलं की देवरामांना ते काहीतरी तात्पुरतं वाटे. भाडेपट्टा म्हटल्यावर त्याला शिक्का बसतो.

हा भाडेपट्टा म्हणजे काय ते त्यांनी बायकोला, संजीवनीबाईंना, पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. गाडी कंपनीची. आपण तीन वर्षं दरमहा ठरलेलं भाडं भरायचं, गाडी वापरायची आणि मुदत संपली की परत करायची. विमा, दुरुस्ती, टायर, सगळी काळजी त्यांची.

संजीवनीबाई शिवणयंत्रावर कुणाचा तरी ब्लाउज आल्टर करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे लळा लावायचा, आणि मग देऊन टाकायची."

"तसं नाय गो."

"तसंच हाय."

त्यानंतर बराच वेळ नुसतं यंत्र चालत राहिलं. दोघांची एकुलती एक मुलगी नम्रता, लग्न होऊन माळशेज घाटापलीकडं जुन्नरला गेली त्याला अडीच वर्षं झाली होती. पण विषय गाडीचा चालला होता, त्यामुळं तिचं नाव दोघांनीही काढलं नाही.

कल्याणच्या शोरूममध्ये हर्षाली नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. अकरा महिन्यांत देवराम तिला नऊ वेळा भेटले. पहिल्या भेटीत तिनं त्यांना कॉफी दिली, चौथ्या भेटीपासून ती त्यांचा बिनसाखरेचा चहा आधीच सांगून ठेवू लागली. देवराम प्रश्न विचारत, ती उत्तरं देई, ते वहीत उतरवून घेत. एका चार्जमध्ये गाडी किती जाते? हर्षालीनं आकडा सांगितला. "म्हणजे उदाहरणार्थ, शहापूरहून किन्हवली, सरळगाव, टोकावडं करत जुन्नर. आणि परत. होईल?" होईल, पण घाट आहे, ती म्हणाली. भाडेपट्ट्यात वर्षाला किती किलोमीटर चालवता येते? तिनं तोही आकडा सांगितला. देवरामांनी तिथंच भागाकार मांडला. "म्हणजे उदाहरणार्थ जुन्नरला महिन्यातून तीनदा जाऊन शिवाय बाजारहाट होईल." पाचव्या भेटीत हर्षालीनं विचारलंच, "सर, जुन्नरला कोण असतं?"

"कोण नाय," देवराम म्हणाले. "उदाहरण म्हणून घेतलं."

गाडी घ्यायची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण तळमजल्यावर अनंता पष्टे राहत. अनंता एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बत्तीस वर्षं घाट चढले-उतरले, एकदाही कठड्याला घासलं नाही, असं ते ओळख करून देतानाच सांगत. शिवाय ते सोसायटीचे चेअरमन होते, आणि दोन्ही अधिकार ते एकाच वेळी वापरत.

"भाड्यानं काय घेतोस रे देवराम," ते म्हणाले. "भाड्यानं मंडप घेतात, टोप घेतात. गाडी घ्यावी ती आपली. दारात उभी राह्यली तर लोकांनी म्हणावं, ही देवराम घुड्याची."

देवरामांनी हे उजव्या रकान्यात लिहिलं.

आठवड्यानं तेच अनंता म्हणाले, "पण इकत घेऊन बॅटरी मेली तर? मेलेली बॅटरी घेऊन तू काय करणार? त्यापरीस भाड्याची बरी. मेली तर त्यांची मेली."

देवरामांनी हे डाव्या रकान्यात लिहिलं. अशा रीतीनं एकट्या अनंतांनी वहीची सोळा पानं भरली.

मग प्रश्न आला गाडी चार्ज कुठं करायची याचा. त्यासाठी पार्किंगमध्ये चार्जर बसवावा लागणार, आणि चार्जरला सोसायटीचं ना-हरकत पत्र. अनंता चेअरमन या नात्यानं गंभीर झाले. सभा बोलावली गेली. चार्जरवर वीज पडेल का, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी ठरलं की आधी गाडीचे कागद दाखवावेत, मग पत्र देता येईल. देवराम शोरूमला गेले. तिथं कळलं की आधी ना-हरकत पत्र आणावं, मग गाडीचे कागद करता येतील. देवरामांनी दोन्हीकडच्यांना दोष दिला नाही. अशी पत्रं त्यांनी स्वतः तीस वर्षं लोकांकडं मागितली होती. फक्त त्या दिवशी ऑफिसात आलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी बोनाफाईड दाखला दोन मिनिटांत देऊन टाकला, तेव्हा शिपाई चकित होऊन बघत राहिला.

भाडेपट्ट्याच्या कंपनीचं तर ऑफिसच नव्हतं. फोन लावायचा, बंगलोरला कुणीतरी उचलायचं. देवरामांनी पिनकोड सांगितला. पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली की त्या भागात आमची सेवा नाही. देवरामांनी शहापूर असं स्पष्ट सांगितल्यावर तिनं विचारलं, कर्नाटकातलं का? ठाणे जिल्ह्यातलं, देवराम म्हणाले. मग ठाण्याचा पत्ता द्या, बाई म्हणाली. मी ठाण्यात राहत नाही, देवराम म्हणाले. पण ठाणे जिल्ह्यात राहता ना? शेवटी देवरामांनी सदतीस मिनिटांत एका अनोळखी बाईला अख्ख्या जिल्ह्याचा भूगोल शिकवला. तेव्हा तिनं वरिष्ठांना विचारून होकार दिला आणि करारनामा ई-मेलनं पाठवला.

करारनामा बावीस पानांचा होता. देवरामांनी तो दोनदा वाचला. आठव्या पानावर लिहिलं होतं की गाडीची नोंदणी कंपनीच्या नावावर राहील. सतराव्या पानावर लिहिलं होतं की परत करताना गाडीवर बोटभरापेक्षा लांब ओरखडा असल्यास भरपाई द्यावी लागेल. त्या संध्याकाळी देवरामांनी वहीत काहीच लिहिलं नाही. गॅलरीत उभे राहून ते बराच वेळ खाली बघत होते. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या नंबरची चौकट अकरा वर्षं रिकामी होती. पिवळ्या रंगानं आखलेली ती जागा मोकळीच दिसते म्हणून लोक तिथं पापड वाळत घालत.

"काय बघताव?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"काय नाय. जागा बघतो."

हर्षालीला बहुधा दया आली. एक दिवस तिनं फोन करून सांगितलं, "सर, तुमच्यासाठी मॅनेजरना विचारलंय. आमची डेमो गाडी शनिवारी अकराला तुमच्या दारात देतो. रविवारी अकराला आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. चालवून बघा आणि एकदाचं ठरवा. फक्त शंभर किलोमीटरच्या आत, सर."

शनिवारी गाडी आली. फिक्या निळ्या रंगाची, छोटीशी. आधीच्या कुणी गिऱ्हाइकानं हिंडवल्यामुळं चार्जिंग एकसष्ट टक्के होतं. देवरामांनी सहा सह्या केल्या. शोरूमचा माणूस गेल्यावर संजीवनीबाई खाली आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर ठेवणीतली साडी होती आणि हातात दोन पिशव्या. एकीतून वालाच्या शेंगा दिसत होत्या, दुसरीत डिंकाच्या लाडवांचा डबा.

"सरळगावपर्यंत जाऊन यायचंय गो," देवराम म्हणाले. "लाडू कशाला?"

"असूं दे. वाटेत लागले तर."

देवरामांनी पिशव्या मागच्या सीटवर नीट ठेवल्या आणि काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः पहाटे उठून दाढी केली होती, ते कुठं काही बोलले होते?

अनंता बोलावल्याशिवायच पुढं येऊन बसले. "तुला घाटाची सवय नाय," ते म्हणाले. घाटाचा विषय अजून कुणीच काढला नव्हता.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, मध्येच एखादं हिरवं वालाचं शेत. देवराम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. लायसन काढल्याला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातला सराव मेव्हण्याच्या जीपवर मोजून पाच वेळा. गाडीला आवाज नव्हता. अनंतांना हे पटेना. बत्तीस वर्षं इंजिनाच्या कण्हण्यावरून ते गाडीची तब्येत ओळखत आले होते. "बंद पडली काय बघ," ते दर पाच मिनिटांनी म्हणत. चढ आला की त्यांचा डावा हात आपोआप हलायचा. "दुसरा टाक, देवराम." गाडीत गिअरच नव्हते. एसी मात्र अनंतांना फार आवडला. पौषाच्या थंडीत त्यांनी तो पूर्ण सोडला आणि संजीवनीबाईंनी पदर कानावरून घेतला.

सरळगाव आलं. इथून परत फिरायचं होतं. देवरामांनी उजवीकडं मुरबाडचा रस्ता बघितला, डावीकडं माळशेजचा बघितला आणि डावीकडं वळले. गाडीत कुणीच काही विचारलं नाही.

टोकावडं येईपर्यंत काचेसमोरच्या पडद्यावर एकोणतीस टक्के दिसू लागलं आणि एक छोटा लाल दिवा लागला. घाट अजून पुढं उभा होता. देवरामांनी शांतपणे मोबाइल काढला. मोबाइलवर टोकावड्याच्या पुढं एक किलोमीटरवर चार्जिंगची जागा हिरव्या रंगात दिसत होती. तिथं जाऊन पाहिलं तर एक बोर्ड होता आणि सिमेंटचा चौथरा. चौथऱ्यावर शेळी बसली होती. मशीन यायचं आहे, शेळीच्या मालकानं सांगितलं. गेल्या पाडव्याला यायचं होतं.

तेव्हा ते परत फिरून सकुबाईच्या ढाब्यावर आले. सकुबाई म्हणजे साठीची, उंच, कमी बोलणारी बाई. तिच्याकडं जाड पिनचा एकच सॉकेट होता आणि त्यावर फ्रीज चालत होता.

"माझा फ्रीज काढून तुमची गाडी लावू?" तिनं विचारलं.

"युनिटचे पैसे देतो मावशी," देवराम म्हणाले.

"मासळी नासली मंग?"

तडजोड अशी झाली की फ्रीजमधलं सुरमईचं सगळं कालवण त्यांनी तिघांनी खायचं, म्हणजे नासायला काही उरणार नाही. देवराम शनिवार पाळत. संजीवनीबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि देवरामांनी ताट पुढं ओढलं. गाडीची चार्जिंगची दोरी खिडकीतून आत गेली. दीड तास गेला. टक्के एकेक करून चढत होते आणि देवराम दर दहा मिनिटांनी उठून बघून येत. मग तीन वाजता वीज गेली.

"येईल," सकुबाई म्हणाली. "कवा ते सांगत नाय."

येणारे-जाणारे थांबून गाडी बघू लागले. दोरी बघून एकानं विचारलं, गाडीला सलाईन लावलंय काय. अनंता खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी जमलेल्यांना भाडेपट्टा आणि खरेदी यांतला फरक समजावून द्यायला सुरुवात केली. बरंचसं उलटं सांगत होते. एरवी देवरामांनी दुरुस्ती केली असती. आज ते पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभे राहिले. पलीकडं सिद्धगडाचा डोंगर दुपारच्या उन्हात पुसट दिसत होता. अकरा महिने, नऊ भेटी, एक वही, आणि शेवटी आपण सकुबाईच्या अंगणात. इतकी लाज त्यांना कॉलेजचं ऑडिट आलं तेव्हाही वाटली नव्हती.

संजीवनीबाई मात्र जेवण होताच, दोनच्या सुमाराला, ढाब्याच्या मागं जाऊन फोन करून आल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पावणेचारला वीज आली. साडेचारच्या सुमाराला घाटाकडून कल्याणची बस आली आणि थोडी पुढं जाऊन थांबली. एक मुलगी उतरली. सडपातळ, खांद्याला शबनम, चालण्यात घाई. देवरामांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर परत रस्त्याकडं वळवली. ती आणखी दहा पावलं जवळ आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ही नम्रता आहे. बारीक झाली होती. स्वतःची मुलगी आपण आधी ओळखली नाही, हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

"बाबा, काय हे," ती म्हणाली. "आधी फोन करायचा ना. यायचंच होतं तर बसनं यायचं."

"बस," देवराम म्हणाले, आणि थांबले.

"काय झालं बसला? सकाळची गाडी आहे, सरळ आहे."

"येताना सरळ आहे." देवराम दोरीकडं बघत होते. "गेल्या वर्षी आलो होतो. तुझ्याकडं पोचलो साडेबाराला. परतीची अडीचची शेवटची. तू पोळी तव्यावरून काढून ताटात टाकत होतीस आणि मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. दुसरी पोळी तशीच ठेवून उठलो. तू दारात उभी होतीस लाटणं घेऊन." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बसनं जाणारा माणूस तिथं पोचला की निघायचंच बघत बसतो. आपली गाडी असली तर... म्हणून बघत होतो. कुठली परवडते ती."

नम्रतानं खांद्यावरची शबनम काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

मग ती म्हणाली, "किती टक्के झाली?"

"बावन्न."

"घरापर्यंत किती लागेल?"

याचं उत्तर वहीत एकवीस ठिकाणी होतं. "पस्तीस. एसी बंद ठेवला तर."

"मग चला ना," ती म्हणाली. "मला काय परत बसनं पाठवणार?"

शंभर किलोमीटरची अट देवरामांना आठवली. सहा सह्याही आठवल्या. आयुष्यात त्यांनी नियमाबाहेर एक पेन्सिल घरी आणली नव्हती. ते उठले आणि त्यांनी सॉकेटमधून पिन काढली. सकुबाईनं फ्रीज पुन्हा लावून घेतला, आणि नम्रताच्या हातात कागदात गुंडाळलेल्या दोन तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. पैसे घेतले नाहीत.

वैशाखरं गाव मागं पडलं आणि घाट सुरू झाला. अनंता आता एकदम गप्प आणि कामाचे झाले. "आत घे. हळू. हॉर्न दे. आता सोड." एका वळणावर वरून ट्रक आला. देवरामांनी गाडी डोंगराच्या बाजूला दाबली, तेव्हा करवंदाच्या जाळीनं डाव्या दारावर पुढपासून मागपर्यंत खरडल्याचा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला. त्या गाडीत दुसरा आवाजच नव्हता.

"बोटभरापेक्षा लांब असेल," देवराम म्हणाले.

"हातभर असेल," अनंता म्हणाले. "पुढं बघ."

त्या ओरखड्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. शोरूमच्या मॅनेजरनं गाडीभोवती तीन चकरा मारल्या, किलोमीटरचा आकडा बघितला आणि त्याचा रक्तदाब वाढला. एवढी चाललेली आणि ओरबाडलेली डेमो गाडी आता नवीन गिऱ्हाइकाला दाखवता येणार नव्हती. हर्षालीनं मान खाली घालून विचारलं, की मग हीच गाडी वापरलेली म्हणून सरांना का देऊ नये. दोन्ही रकान्यांत न बसणारी ही गोष्ट होती. देवरामांनी वही न काढता होकार दिला. नोंदणी 'देवराम लक्ष्मण घुडे' या नावानं झाली. गाडीचे कागद आधी मिळाल्यामुळं सोसायटीचं पत्रही चार दिवसांत झालं, आणि चेअरमन या नात्यानं अनंतांनी त्यावर सही करताना घाटातल्या आपल्या कामगिरीचा उल्लेख केला. ओरखडा देवरामांनी काही रंगवून घेतला नाही.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी ते सात वाजता जुन्नरला पोचले, तेव्हा अकरा टक्के उरले होते. जावई संदेशनं गोठ्यातल्या दिव्यावरून तार ओढून गाडी लावली आणि म्हैस रात्रभर गाडीच्या चार्जिंगच्या निळ्या उजेडाकडं बघत उभी राहिली. अनंता जेवून ओसरीवर घोरत पडले.

सकाळी साडेनऊला हर्षालीचा फोन आला तेव्हा देवराम अंगणात चहा पीत होते. तिसरा कप होता. समोर पायरीवर नम्रता बसली होती, आणि तिच्या मागं वरच्या पायरीवर संजीवनीबाई. त्यांनी वाटीत खोबरेल कोमट करून आणलं होतं आणि लेकीच्या केसांचे भाग पाडून टाळूवर ते जिरवत होत्या. "किती गळलेत गो," म्हणत होत्या, आणि नम्रता डोळे मिटून बसली होती. ऊन हळूहळू पायरीवर येत होतं.

"सर, गाडी कुठंय?" हर्षाली विचारत होती. "आमचा माणूस निघालाय. मॅनेजर सर विचारतायत. अकरापर्यंत पोचाल ना?"

देवरामांनी कप खाली ठेवला.

"नाय," ते म्हणाले. "अजून वेणी व्हायची आहे."